उभ्या वाडीतला शेजार : वाचकांचे प्रश्न

रत्नागिरीत कोण कोठे राहतो हे एके काळी पत्ता सांगताच कळत असे. कोणी आळीतला, कोणी मोहल्ल्यातला, कोणी खारवीवाड्यातला, तर कोणी भंडारवाड्यातला. दोन वाड्यांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आणि त्याच्या कडेने जाणारी पाणंद असे, आणि एका घरच्या चुलीचा धूर दुसऱ्या घरी पोचेपर्यंत माडांच्या झापांत विरून जाई. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, कामानिमित्त येणारी माणसे वाढली, आणि मारुती मंदिरापासून साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबावच्या दिशेने चार-पाच मजली इमारती उभ्या राहत गेल्या. आडव्या वाड्या एकावर एक रचल्या गेल्या आणि गडग्याचे काम पाच इंची स्लॅबवर येऊन पडले. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे त्या स्लॅबच्या वरून किंवा खालून लिहिलेली आहेत. ती संक्षिप्त करून छापत आहोत, आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या चोवीस सदनिकांच्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. माझे माहेर आणि सासर दोन्ही समुद्रकाठच्या मिऱ्या गावाकडचे असल्यामुळे मे महिन्यात आगोट भरताना जवळा, सोडे, बोंबील सुकवून ठेवल्याखेरीज आमच्याकडे पावसाळा लागत नाही. यंदा कमिटीने फलकावर सूचना लावली की, गच्चीवर मासळी सुकवू नये आणि शेजाऱ्यांना त्रास होईल असे उग्र वासाचे पदार्थ घरात भाजू नयेत. तिसऱ्या मजल्यावरील शाकाहारी कुटुंबाने तक्रार केली आहे असे कळले. माणसे वाईट नाहीत, जिन्यात भेटल्या की त्या बाई बोलतात. आमच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा डक्टमध्ये उघडतो. ही सूचना आम्हांला बंधनकारक आहे काय?
— एक गृहिणी, साळवी स्टॉप परिसर

उत्तर : सूचनेचे दोन भाग आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. आपल्या घरात आपण काय शिजवावे, भाजावे वा तळावे हे ठरविण्याचा अधिकार कमिटीला नाही. गृहनिर्माण संस्था चालते ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखाली नोंदविलेल्या उपविधींवर, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांवर, आणि उपविधीत भर घालायची तर सर्वसाधारण सभेत दोनतृतीयांश बहुमताने ठराव होऊन ती दुरुस्ती निबंधकांकडे नोंदवावी लागते. फलकावर टाचणीने टोचलेला कागद म्हणजे उपविधी नव्हे.

मात्र एवढे वाचून आपण तो कागद फाडून टाकावा असे मी सुचविणार नाही, कारण वरच्या बाईंना होणारा त्रास खरा आहे आणि त्याचे कारण आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे. तव्यावर जवळा पडला की तापलेली हवा पंखा डक्टमध्ये ढकलतो, ती वर चढते, आणि वरच्या प्रत्येक मजल्याच्या न्हाणीघराची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडत असते. पावसाळ्यात समुद्राकडच्या खिडक्या झडीमुळे बंद असतात, त्यामुळे वरच्या घरात हवा शिरायला डक्टकडची तेवढी एकच वाट उरते. म्हणून आपल्या अगदी पायाखाली, तळमजल्यावर राहणाऱ्यांना काहीच जाणवत नाही आणि दोन मजले वरच्यांचे घर भरून जाते, आणि म्हणूनच अशा तक्रारी माझ्याकडे मेपेक्षा जुलैत अधिक येतात. पंख्याच्या तोंडाला सहा इंची पत्र्याचा पाइप जोडून तो डक्टमधून गच्चीच्या कठड्याच्या वरपर्यंत नेला तर हा प्रश्न जवळजवळ मिटतो. त्यासाठी पंखा थोडा दमदार घ्यावा लागतो, एवढेच. डक्ट सामाईक असल्यामुळे कमिटीची लेखी परवानगी मागावी लागेल, आणि त्या सूचनेला उत्तर म्हणून हा अर्ज पुरेसा आहे. बाजारात पाइप नसलेल्या चिमण्याही मिळतात. त्यांतील कोळशाची गाळणी काही महिन्यांनी बदलली नाही, तर ती चिमणी केवळ आवाज करणारी वस्तू होऊन बसते.

वासाबद्दल आणखी एक गोष्ट. मासळीचा तो ओळखीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा असतो. मासा मेल्यानंतर जिवाणू ते तयार करतात. हे द्रव्य अल्कधर्मी असल्यामुळे आम्लाशी त्याचा संयोग झाला की ते हवेत उडत नाही. मासळीच्या कालवणात आमसूल किंवा चिंच पडते ती चवीसाठी, पण हे कामही त्याबरोबर होऊन जाते. तेव्हा भाजून झाल्यावर तवा आणि ओटा आमसुलाच्या पाण्याने किंवा चिंचेच्या कोळाने पुसून काढावा. साबणाने जे साधत नाही ते याने साधते.

आता गच्ची. ती सर्वांची आहे आणि तिचा वापर कसा व्हावा हे ठरविण्याचा संस्थेला अधिकार आहे. कमिटीने वासाऐवजी मिठाचा मुद्दा काढला असता तर मी तिच्या बाजूने उभा राहिलो असतो. खारवलेल्या मासळीतून निथळणारे पाणी स्लॅबमध्ये मुरले की त्यातील क्षार आतल्या लोखंडी सळ्यांना गंज चढवतात, गंजलेली सळी फुगते आणि काही वर्षांनी वरच्या मजल्याच्या छताचे पोपडे पडू लागतात. समुद्रकाठच्या इमारतींना खाऱ्या वाऱ्याने हा रोग आधीच जडलेला असतो, त्यात आपण भर घालू नये. मासळी जमिनीवर पसरण्याऐवजी कमरेएवढ्या उंचीच्या बांबूच्या मांडवावर, जाळीवर सुकवली तर खालून वारा लागून ती लवकर वाळते, कावळ्या-मांजरांपासून वरून जाळे टाकता येते, आणि खाली पत्रा किंवा जाड प्लास्टिक अंथरले की पाणीही स्लॅबवर जात नाही. हे मिऱ्याच्या माणसाला मी शिकवावे असे नाही. गच्चीचा एक कोपरा आणि एप्रिल-मे मधील ठरावीक दिवस आपण स्वतःहून मागून घ्यावेत.

मी स्वतः मासे खात नाही, म्हणून पुढचे वाक्य लिहिण्यास मला कदाचित अधिक मोकळीक आहे. त्याच गच्चीवर आमसुले वाळतात आणि त्यांच्या रसाचे लाल डाग दोन पावसाळे जात नाहीत, मिरगुंडे आणि फणसाचे पापड वाळतात, आंबापोळीची ताटे मुंग्यांना बोलावतात, आणि बरका फणस चार दिवस जिन्याखाली ठेवणाऱ्याला कोणी सूचना काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गच्ची वाळवणासाठी बंद करायची असेल तर ती सर्व वाळवणांसाठी बंद करावी. जी सूचना फक्त मासळीचे नाव घेते, तिचा विषय गच्ची हा नसतो, आणि हे सभेत शांतपणे बोलून दाखवण्यास हरकत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांची बेगमी हा काही आपला छंद नव्हे, हेही सभेला सांगावे. घाटावरून आलेल्या सभासदांना ते ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक आहे.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील कोकणी मुसलमान कुटुंबातला असून यंदा रत्नागिरीत माध्यमिक शिक्षक म्हणून रुजू झालो आहे. एका इमारतीतील सदनिकेच्या मालकांशी भाडे, अनामत रक्कम, सारे ठरले. दोन दिवसांनी मालकांनी कळविले की, सचिवांच्या म्हणण्याप्रमाणे ‘आमच्या सोसायटीच्या नियमात हे बसत नाही’. मालक म्हणतात, त्यांची स्वतःची हरकत नाही, पण सोसायटीशी वाकडेपणा नको. असा नियम खरोखर असू शकतो काय?
— एक शिक्षक, सध्या मुक्काम नातेवाइकांकडे

उत्तर : सचिवांनी सांगितलेला नियम त्यांनी लेखी दाखवावा, ही मागणी आपण मालकांमार्फत सर्वप्रथम करावी. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका लिव्ह अँड लायसन्सने देण्यासाठी सभासदाला संस्थेची परवानगी लागत नाही. त्याने आठ दिवस आधी संस्थेला कळवायचे, कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, एवढीच अपेक्षा असते. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकाची आहे. संस्था याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे तो स्वतः तेथे राहत नसल्याबद्दलचे शुल्क, घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. यात धर्म, जात, प्रांत वा आहार यांचा उल्लेख कोठेही नाही.

काही सचिव अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या निकालाचा दाखला देतात. तो निकाल अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा होता, आणि त्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींतच सभासदत्व पारशांपुरते मर्यादित होते. ज्या संस्थेच्या उपविधीत असे काही लिहिलेले नाही आणि जिच्या सभासदांत पाच जातींची माणसे आधीच आहेत, तिच्या सचिवांना त्या निकालाचा काडीचाही आधार मिळत नाही.

आता कटू भाग. वर सांगितलेले सारे हक्क मालकाचे आहेत, आपले नाहीत. आपण संस्थेचे सभासद नसल्यामुळे सहायक निबंधकांकडे वा सहकार न्यायालयात जाण्याची वाट मालकाला मोकळी आहे, आपल्याला नाही. आणि मालकानेच उद्या ‘मला द्यायचे नाही’ असे म्हटले, तर खासगी घरमालकाला धर्मावरून नकार देण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. घर विकत घेतले तर मात्र स्थिती बदलते. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते, आणि नकार दिलाच तर तो कारणांसह लेखी द्यावा लागतो. म्हणजे आज आपले सारे बळ मालकांच्या कण्यावर अवलंबून आहे. त्यांना सोसायटीशी भांडायचे नसेल तर भांडण्याची गरजही नाही. त्यांनी करार नोंदवावा, आठ दिवसांची सूचना पोचपावती घेऊन द्यावी आणि स्वस्थ बसावे. लेखी हरकत घेण्याची वेळ आली की तोंडी सांगितलेले अनेक नियम विरघळून जातात. तोंडी नकार देणाऱ्याला नेमके कशावर सही करायची नसते, हे आपण ओळखून असालच.

मी एका इमारतीत अकरा वर्षे सचिव होतो. त्या काळात एका कुटुंबाला आमच्या कमिटीने ‘बघू, कळवू’ म्हणत तीन आठवडे ताटकळत ठेवले आणि शेवटी ते दुसरीकडे गेले. नकार कोणी उच्चारला नाही, म्हणून इतिवृत्तात काहीच नाही. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प होतो. ज्या रत्नागिरीत १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीरांनी बांधून दिले, त्या गावचे आपण, असे आम्ही पाहुण्यांना मोठ्या तोऱ्याने सांगतो. ते सांगताना मला ते कुटुंब आठवते. आपल्या पत्राला कायद्याचे उत्तर देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, म्हणून हे लिहिले. मालकांनी हिंमत केली नाही तर ज्या इमारतीत मालक स्वतः राहतो आणि कमिटीवरही आहे अशी जागा पाहावी. तेथे सूचना देणारा आणि घेणारा एकच असतो.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब राहते. रमजानमध्ये पहाटे चारपासून खुर्च्या सरकवण्याचे, मिक्सरचे, भांड्यांचे आवाज येतात. मला रक्तदाबाचा त्रास असून एकदा झोप मोडली की पुन्हा लागत नाही. बोलावे तर मी धर्माविरुद्ध बोलतो असे वाटेल, न बोलावे तर महिनाभर जागरण. काय करावे?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, शिवाजीनगर

उत्तर : आपण सेहरीबद्दल, म्हणजे रोजापूर्वीच्या पहाटेच्या जेवणाबद्दल, तक्रार करीत नाही, खुर्चीच्या पायांबद्दल करीत आहात. बोलतानाही तेवढेच बोलावे. स्लॅबमधून येणाऱ्या आवाजाचे दोन प्रकार असतात. माणसांचे बोलणे हवेतून येते आणि पाच इंची काँक्रीट ते बऱ्यापैकी अडवते. फरशीवर घासलेला पाय, ओट्यावर थरथरणारा मिक्सर, ठेवलेला पाटा-वरवंटा यांचा धक्का थेट काँक्रीटमध्ये शिरतो आणि आपल्या छताचाच ढोल होतो. वरच्यांना आपण मोठा आवाज करतो याची कल्पनाही नसते, कारण त्यांच्या कानांना तो मोठा लागतच नाही.

रात्री १० ते सकाळी ६ आणि निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आकडा आपण मनात आणला असेल, तर तो सोडून द्यावा. ते नियम मुख्यतः ध्वनिवर्धक आणि वाद्ये डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत, खुर्ची मोजायला ते उपयोगी नाहीत. ते आठवायचेच असतील तर गणपतीत रात्री बारापर्यंत चालणाऱ्या भजनाच्या वेळी आठवावेत. तेथे ते लागू आहेत.

आमच्या इमारतीत असाच प्रकार झाला होता, तो सांगतो. वरच्या भाभींकडे मी दुपारी गेलो, रमजान सुरू व्हायला आठवडा होता. मी काही बोलण्याआधी त्यांच्या सासूबाईंनी विचारले, “तुमच्याकडे आमचा आवाज येतो का हो?” मी हो म्हणालो, आणि त्यांना माझ्या छताखाली बसून तो ऐकण्याचे निमंत्रण दिले. त्या खरोखर खाली आल्या, खुर्चीवर टेकल्या, आणि वर नातवाने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली तेव्हा दचकून “हाय अल्ला” म्हणाल्या. त्यांच्याकडे एक जुनी कुबडी होती. तिच्या खालची रबरी टोपी काढून त्यांनी मला दाखवली आणि अशाच टोप्या औषधांच्या दुकानातून आणायला सांगितले. सहा खुर्च्यांना चोवीस टोप्या, आणि मिक्सरखाली चौपदरी घडी केलेला जुना टॉवेल. वाटण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवायचे हेही त्यांनीच ठरवले. तेव्हापासून पहाटे मला ऐकू येते ते फक्त नळाचे पाणी. ईदला त्यांच्याकडून सांदण येते. आमच्याकडे सांदण म्हणजे फणसाच्या रसाचे पिवळे, त्यांच्याकडे नारळाच्या दुधातले पांढरेशुभ्र. त्यावरून दोन्ही घरांत दरवर्षी तोच वाद होतो आणि मला तो मिटावा असे मुळीच वाटत नाही.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो. पुढील वर्षी तो केव्हा येणार हे आधीच पाहून ठेवावे आणि महिना सुरू होण्यापूर्वी जावे. जागरणाने डोके तापलेले असताना पहाटे पाच वाजता दारावरची घंटा वाजवू नये.

प्रश्न : आमची इमारत ज्या जागेवर आहे तेथे पूर्वी एक जुने घर होते आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्या घरी येत असे. मूळ मालकांना तिसऱ्या मजल्यावर सदनिका मिळाली असून पालखी अजूनही येते, ती खाली वाहनतळात बसते. आता निम्मे सभासद बाहेरगावचे आहेत. गाड्या हलवाव्या लागतात, ढोल वाजतात, आणि कमिटीने यंदा पालखीची वर्गणी देखभालीच्या बिलात घातली. काही जणांनी ती भरण्यास नकार दिला आहे. सचिव म्हणून मी काय करावे?
— एक सचिव, रत्नागिरी

उत्तर : वर्गणी बिलातून काढावी. देखभालीचे बिल थकले तर त्यावर व्याज लागते आणि वसुलीची कारवाई होते, आणि देवाच्या नावाने दिलेल्या पैशाला तशी टाच लावणे देवाच्या मानकऱ्यांनाही आवडणार नाही. वर्गणीची वही वेगळी ठेवून ती घरोघर न्यावी, ज्याला द्यायचे तो देईल.

पालखीचा प्रश्न याहून वेगळा आहे. पालखी इमारतीला भेट देत नाही, ती एका घराचा मान राखायला येते, आणि ते घर आता तिसऱ्या मजल्यावर गेले आहे. जिन्याच्या वळणावर पालखीचे दांडे वळत नाहीत, लिफ्टचा तर प्रश्नच नाही, म्हणून देवाला वाहनतळात बसावे लागते. नव्या सभासदांना कोणी हे सांगितलेले नसते. त्यांना दिसते ते एवढेच की, एका सकाळी त्यांची गाडी हलवायला सांगितली जाते. पालखी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आपल्या वाटेवर येणार हे मानकऱ्यांना आधी विचारून ठेवावे, गाड्यांसाठी रस्त्यापलीकडची जागा बघून ठेवावी, आणि किमान आठवडाभर आधी प्रत्येक घरी तोंडी सांगावे. फलकावर लिहिणे पुरेसे नाही. ओटी भरण्याचा मान त्या मूळ घराचाच राहील. पण गाऱ्हाणे घालताना मानकरी साऱ्या इमारतीच्या नावाने बोलतात आणि जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हा आमच्या इमारतीत साताऱ्याहून आलेला माझा एक शेजारी पहिल्या वर्षी गॅलरीतून पाहत होता, दुसऱ्या वर्षी खाली उभा होता. जो तिसऱ्या वर्षीही गॅलरीतच राहील त्याला तेथेच राहू द्यावे. आणि उद्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी लग्न असेल आणि त्यांनी वाहनतळात मांडव मागितला, तर त्यांनाही याच रीतीने मिळाला पाहिजे. सभेचा ठराव ‘पालखीसाठी’ असा न करता ‘सभासदाच्या घरच्या कार्यासाठी’ असा लिहावा.

प्रश्न : मी मूळची केरळची असून पतीच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी येथे आले. हे पत्र शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतले आहे. आमच्या इमारतीच्या सूचना फक्त मराठीत असतात. टाकी धुण्याची सूचना न समजल्यामुळे दोनदा आमच्याकडे पाणी भरून ठेवायचे राहिले. हिंदीत सूचना मागितली तर ‘महाराष्ट्रात राहता, मराठी शिका’ असे उत्तर मिळाले.
— एक रहिवासी, नाचणे

उत्तर : मराठी शिकावी हे खरे, आणि आपण शिकत आहात हे ‘वाळवण’ हा शब्द आपल्या मूळ पत्रात अचूक आल्यावरून दिसते. पण टाकी गुरुवारी धुतली जाणार असते आणि भाषा गुरुवारपर्यंत येत नाही. सूचना मराठीतच राहू द्यावी आणि खाली पाणी, वीज व लिफ्ट यांबद्दलची एक ओळ हिंदीत असावी, असा अर्ज द्यावा. तोपर्यंत सूचनेचा फोटो काढून ज्या मुलीने हे पत्र लिहिले तिला दाखवावा.

जाता जाता एक गोष्ट. एका इमारतीत याच कारणाने हिंदी सूचना सुरू केली, ती ‘मुसलमान सभासदांसाठी’. ते सभासद संगमेश्वराकडचे होते आणि त्यांच्या घरात जी बोली चालते ती कळायला पुण्याहून आलेल्या सचिवांनाच दुभाषा लागला असता.

प्रश्न : आमचा वॉचमन नेपाळी असून पत्नी आणि दोन मुलांसह पंपाच्या खोलीत राहतो. मुले लिफ्टने वर-खाली करतात, खेळतात. ‘कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी लावावी, असा प्रस्ताव आहे. आपले मत?
— कमिटीचे एक सदस्य, मारुती मंदिर परिसर

उत्तर : पाटी लावू नये. लिफ्टमध्ये खेळणे धोक्याचे आहे आणि ते सर्वच मुलांना लागू आहे, तेव्हा ‘मुलांनी मोठ्यांशिवाय लिफ्ट वापरू नये’ एवढे लिहावे आणि ते अध्यक्षांच्या नातवालाही लागू करावे. आपल्या जिल्ह्यात आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांच्यावाचून हंगाम निघत नाही, हे बागाइतदारही सांगतील आणि मिरकरवाड्यातले बोटमालकही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या पत्रात सहज येऊन गेली आहे. पंपाच्या खोलीत विजेची मोटर, ओल आणि बंद हवा असते, आणि पावसात त्या खोलीत पाणी शिरते. तेथे दोन मुले झोपतात. पुढच्या सभेत पाटीऐवजी हा विषय घ्यावा. तळमजल्यावर मीटरच्या बाजूची मोकळी जागा असेल तर तेथे खिडकी असलेली खोली काढण्यास किती खर्च येईल, याचा अंदाज गवंड्याकडून मागवावा. आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे, खोली होईपर्यंत मोटरची वायर आणि स्विच जमिनीपासून चार फूट वर घेऊन त्याच्या जोडीला अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. हे काम इलेक्ट्रिशियन एका दुपारी करून देईल, आणि त्यासाठी सभा बोलवावी लागत नाही.